पगार न विचारणारं घर

काकांनी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून ठेवलं, म्हणजे गिऱ्हाईक आत शिरणार नाही आणि घरच्या माणसांना वाकून का होईना येता येईल. फ्रेमच्या दुकानात बसायला असतंच काय. एक त्यांची खुर्ची आणि एक गिऱ्हाइकाचं स्टूल. बाकीच्यांसाठी त्यांनी काचा ज्यांतून येतात ती लाकडी खोकी उलटी मांडली, त्यांवर पुठ्ठे टाकले आणि भिंतीला टेकवलेले आरसे एकेक करून पाठमोरे केले. समोर आरसा असला की माणसं बोलतात कमी आणि स्वतःचे केस जास्त बघतात, हा त्यांचा उभ्या आयुष्याचा अनुभव होता, आणि आज त्यांना सगळ्यांचं लक्ष हवं होतं.

पाच वाजता दलाल विसाराचे पैसे न्यायला येणार होता; दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, असं त्यानं बजावून ठेवलं होतं. जागेचा मालक दुकानाची जागा विकायला निघाला होता. भाडेकरूला आधी विचारावं म्हणून त्यानं काकांना विचारलं, आणि काकांनी घरात कुणाशी न बोलता 'घेतली म्हणून समजा' असं सांगून टाकलं. वडिलांनी सुरू केलेलं दुकान. तिथे उद्या कुणी मोबाईलची कव्हरं लटकवणार असेल तर ते बघण्यापेक्षा आपण डोळे मिटलेले बरे, असं ते त्या रात्री काकूंना म्हणाले. डोळे खुशाल मिटा, पण मिटल्या डोळ्यांनी सही करू नका, असं काकूंनी सांगितलं. ते अर्थातच ऐकलं गेलं नाही.

वाटणी त्यांनी मनात केव्हाच करून टाकली होती. थोडं ते स्वतः घालणार, थोडं धाकटा भाऊ त्याच्या निवृत्तीच्या पैशांतून, बहिणीनं जमेल ते चिमूटभर द्यावं, आणि निम्मा भार पुतणीचा. पुतणी डॉक्टर होती. जनावरांची, पण घरात ते शेपूट कुणी लावत नसे. फोनवर विचारलं तेव्हा ती 'करू या की, काका' म्हणाली होती, आणि काकांनी त्या तेवढ्या शब्दांवर अख्खी इमारत उभी केली होती.

आता हे असं कसं होऊ शकतं, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. निम्मं दुकान मागण्याआधी तिला मिळतं किती, ते कुणी विचारलं नाही? नाही विचारलं. या घरात ते विचारत नसत. फार पूर्वी, धाकट्याला मोजणी खात्यात नोकरी लागली तेव्हा त्यानं जेवताना पहिला पगार सांगितला, तो थोरल्याच्या दुकानातल्या महिन्याच्या कमाईहून जास्त निघाला, आणि थोरला ताटावरून उठला. दोघे भाऊ कितीतरी दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. मग वडिलांनी नियमच केला. झाकली मूठ सव्वा लाखाची, आजपासून या घरात कुणी कुणाची कमाई विचारायची नाही. घरात शांतता आली, हे खरं. पण जे विचारायचं नाही त्याचा अंदाज बांधावा लागतो, आणि या घराचे अंदाज नेहमी वरच्या मजल्यावरच राहायला गेले. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात. या मंडळींनी ते दोन पिढ्या बिनबोभाट आणून दाखवलं होतं.

आत्या सगळ्यांच्या आधी आली. त्याच जुन्या चपला, तीच कापडी पिशवी. निवृत्त नर्स, एकटी, दोन खोल्यांत राहणारी. तिच्यासाठी काकूंनी वापरातून काढलेल्या चादरी बांधून ठेवल्या होत्या. त्या तिनं नेहमीसारख्या निमूट घेतल्या आणि पंख्याखालचं खोकं पकडून बसली.

डॉक्टर दुकानासमोर स्कूटर लावून आईबाबांच्या जरा मागून येत होती. पर्समधला मोबाईल तिला विटेसारखा जड लागत होता. सकाळीच एका ॲपवर नवीन कर्ज मंजूर झालं होतं. अंगठा टेकवला की विसारापुरते पैसे खात्यात. व्याज अव्वाच्या सव्वा होतं, पण ते पुढचं पुढे. आज पाच वाजेपर्यंत लाज राखता येत होती, आणि गेली तीन वर्षं ती लाज राखण्यावरच जगत होती.

शिक्षणाचं कर्ज होतं, ते सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी मनातल्या मनात ते फेडूनही टाकलं होतं. बाकीचं कुणाला माहीत नव्हतं. नोकरी लागली त्या महिन्यात काकांनी तिला नवी कोरी स्कूटर आणून दिली. डॉक्टरनं बसची वाट बघत उभं राहायचं नाही, म्हणाले. एवढ्या स्कूटरची परतफेड एखादं पेन भेट देऊन कशी होणार? काकांच्या साठीला तिनं त्यांना काच कापायचं मोठं टेबल घेऊन दिलं, कार्डावर. मग आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन आलं. ते ओळखीमुळे अगदी सवलतीत झालं, असं तिनं घरी सांगितलं. शिवाय हॉटेलात सगळे जेवायला गेले की बिलाची थाळी वेटर कुणाहीसमोर ठेवो, ती सरकत सरकत तिच्यापर्यंत यायचीच, आणि ती हसून कार्ड काढायची. एका कार्डाचं देणं दुसऱ्या कार्डानं, दुसऱ्याचं ॲपनं. दवाखान्याच्या पाटीवर नाव दुसऱ्याचं, ही तिथे पगारी. दिवसभर मांजरांचे ओरखडे खाऊन घरी काय न्यायची, ते ऐकलं असतं तर व्हॅन चालवणाऱ्या तिच्या चुलतभावानं गाडी बाजूला घेऊन परत एकदा विचारलं असतं.

शटरखालून वाकून ती आत आली तेव्हा पहिलं दिसलं ते टेबल. काकांनी त्यावर स्वच्छ फडकं घातलं होतं आणि एक कोपरा मुद्दाम उघडा ठेवला होता.

काकांनी सुरुवात वडिलांपासून केली. दुकान कसं उभं राहिलं, पहिली फ्रेम कुणाची झाली, हे सगळ्यांनी पूर्वी ऐकलेलं परत ऐकलं. मग ते हिशेबावर आले, आणि हिशेबावरून पुतणीवर. मी फोन केला, ते म्हणाले, आणि पोरगी दुसऱ्या वाक्याला थांबली नाही. 'करू या की' म्हणाली. आजकाल कोण म्हणतं असं? माझ्या पोटच्या पोराच्या तोंडून असं वाक्य ऐकायला मिळेल म्हणून मी वाट बघतोय, पण तो गाडीचा हॉर्नच मोठ्यानं वाजवतो.

पोटचा पोरगा, डॉक्टर ज्याला दादा म्हणते तो, शटरला टेकून उभा होता. सामान पोचवायची स्वतःची व्हॅन चालवायचा. सगळ्यांच्या नजरा डॉक्टरकडे गेल्या, कौतुकानं भरलेल्या. बाबांची मान जराशी ताठ झालेली तिनं पाहिली. हे सगळ्यात वाईट होतं.

तिच्या दवाखान्यात एक पद्धत होती. मोठ्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात शिकवलेली. कुत्रं वाचणार नसेल, किंवा वाचवायचा खर्च माणसाला झेपणार नसेल, तर ते उभ्यानं सांगायचं नाही. आधी बसायचं. सगळ्यात वाईट गोष्ट पहिल्या वाक्यात सांगायची. मग गप्प राहायचं, समोरचा बोलेपर्यंत. धीर द्यायची घाई करायची नाही, कारण ती घाई आपल्या सोयीसाठी असते. डॉक्टर यात वाकबगार होती. लोक तिच्यासमोर रडायचे आणि जाताना आभार मानून जायचे. इतक्या अनोळखी माणसांना जे नीट सांगता येतं ते आपल्या माणसांना सांगायचं तर जीभ टाळ्याला का चिकटते, हे तिला त्या क्षणी एकदम हास्यास्पद वाटलं.

तिनं एक खोकं पुढे ओढलं आणि काकांच्या समोर बसली.

"माझ्याकडे पैसे नाहीत. मला कर्ज आहे, माझ्या पावणेदोन वर्षांच्या पगाराएवढं. दुकानासाठी मी काहीच देऊ शकत नाही."

आणि ती गप्प राहिली.

काका आधी हसले. पैसे कुठेतरी अडकवले असतील, मुदतीआधी मोडायचे नसतील, त्यात एवढं काय, असं म्हणाले. डॉक्टरनं तेच वाक्य तसंच पुन्हा सांगितलं. पहिल्या वेळी कुणालाच ऐकू जात नाही, हे तिला माहीत होतं. दुसऱ्यांदा ते गेलं. काकांचं हसू तोंडावरच राहिलं, आणि बाबा स्वतःच्या बुटांकडे बघायला लागले.

"पगार किती आहे तुझा?" दादानं विचारलं.

काकांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू त्यानं भर दुकानात काच फोडली होती. काकू पुटपुटल्या, अरे, असं विचारतात का. पण प्रश्न पडला तो पडला, आणि डॉक्टरनं आकडा सांगितला. काकांच्या मनात जो आकडा होता त्याचा तो चौथा हिस्साही नव्हता.

आई आतापर्यंत पदर सारखा करत बसली होती. मुलगी उठून उभी राहून रडली असती तर तिला काय करायचं ते कळलं असतं. ती शांत बसलीय याचंच तिला भय वाटत होतं. आकडा ऐकल्यावर तिच्या डोक्यात हिशेब सुरू झाला, बायकांच्या डोक्यात घरखर्चाचा होतो तसा, आपोआप. इतका पगार. त्यातून शिक्षणाचा हप्ता. राहिलं ते इतकं. मग तिचा हात आपोआप डोळ्यांकडे गेला. ऑपरेशन झाल्यापासून ती शेजारणींना सांगत सुटली होती, मुलीच्या शब्दाला केवढा मान आहे, निम्म्यात काम झालं.

"माझ्या डोळ्यांचं सवलतीत नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं, आई."

"मला आधी सांगायला तोंड नव्हतं तुला? सरकारी दवाखान्यात केलं असतं मी. माझ्या डोळ्यांत काय सोनं भरायचं होतं?" तिला खरोखर राग आला होता, आणि रागाच्या आत दुसरं काहीतरी होतं ज्यामुळे तिला धड रागावताही येईना. त्या डोळ्यांनी ती रोज मुलीला बघत होती. मुलगी वाळत चाललीय हे दिसलं होतं, आणि कामाचा ताण म्हणून तिनं ते सोडून दिलं होतं.

काकांना कुणावर तरी तुटून पडायला हवं होतं, आणि भाऊ समोर होता. पोरीच्या डोक्यावर डोंगर झाला आणि तुला पत्ता नाही, ते म्हणाले. एका छपराखाली राहता. तू बाप आहेस की पेइंग गेस्ट? मोजणी खात्यात जन्म घालवलास, लोकांच्या जमिनी बोटाबोटानं मोजल्यास, स्वतःच्या घरात काय चाललंय ते मोजता आलं नाही.

एरवी बाबा थोरल्यासमोर बोलत नसत. गेल्या कित्येक वर्षांत भावाशी त्यांचं भांडण झालं नव्हतं, कारण भांडणाआधीच ते माघार घ्यायचे. आजही ते हळूच बोलले, पण बोलले.

"मी विचारलं नाही, भाऊ. कारण हा नियम माझ्यामुळेच झाला होता. एकदा पगार सांगून मी तुला ताटावरून उठवलं. मग आयुष्यभर कुणालाच विचारलं नाही. हिलाही नाही."

तेवढ्यात काकूंनी, ज्यांची बाजू आजवर कायम नवऱ्याच्या खुर्चीच्या मागे ठरलेली असायची, आपलं खोकं उचललं आणि डॉक्टरच्या शेजारी आणून ठेवलं. त्यावर त्या बसल्या आणि म्हणाल्या की त्या पोरीला एकटीला बोलून उपयोग नाही.

"अहो, स्कूटरचे हप्ते अजून चालू आहेत ते सांगा ना."

काकूंनी मग उरलेलं स्वतःच सांगितलं. डॉक्टरला स्कूटर द्यायची म्हणून यांनी कर्ज काढलं. साधी घेऊ या म्हटलं तर नाही, डॉक्टरला शोभेल अशीच हवी. मध्ये धंदा बसला, हप्ते थकले, दंड लागला, आणि मागच्या महिन्यात माझी बांगडी गहाण पडली. वर दुकान विकत घ्यायला निघालेत.

डॉक्टरनं बाहेर पाहिलं. शटरखालून बाहेर उभ्या स्कूटरची चाकं दिसत होती. त्या स्कूटरला तोलायला म्हणून तिनं टेबल घेतलं होतं. म्हणजे इकडे ते हप्ते भरत होते, तिकडे ती, आणि दोघंही एकमेकांना आपण किती मजेत आहोत हे दाखवत होते. तिला हसू आलं. ते आवरायचा तिनं प्रयत्न केला आणि तो फसला. काकांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं, मग टेबलाकडे पाहिलं, आणि विचारलं की हेही का?

"हेही," ती म्हणाली. "हे तर पहिलं."

दादाला हे सगळं ऐकताना मजा यायला हवी होती. व्हॅनचे हप्ते थकले तेव्हा याच दुकानात, त्याच स्टुलावर त्याला बसवून सगळ्यांनी आळीपाळीनं उपदेश केला होता. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं त्याला ज्यांनी सांगितलं ते सगळे इथे बसले होते, आणि कुणाचेही पाय अंथरुणात नव्हते. त्या दिवशी उपदेशाच्या शेवटी बाप म्हणाला होता, शिक जरा डॉक्टरकडून. ते वाक्य दादानं आजवर गिळलेलं होतं. आता ते तोंडावर फेकायची वेळ आली होती, आणि फेकायला गेला तर निघेना. बहीण तिथे मधोमध बसून जे बोलली होती ते त्याला त्या दिवशी जमलं नव्हतं. तो त्या स्टुलावर शेवटपर्यंत खोटं बोलत राहिला होता.

तो येऊन तिच्यासमोर उकिडवा बसला आणि कोणकोणतं आहे, कुणाचं व्याज किती, वसुलीवाले घरी येतात की नुसते फोन करतात, ते विचारायला लागला. तिनं एकेक सांगितलं. सांगताना तिचा आवाज मोकळा होत गेला. तिनं ठरवलेलंही होतं बरंच काही, नुसतं कुणाला सांगितलं नव्हतं. मॅडमकडून रविवारची ड्यूटी मागून घ्यायची, कार्डं मोडायची, सगळ्यात महागडं कर्ज आधी मारायचं, आणि यापुढे हॉटेलात थाळी आपल्याकडे सरकली तर ती परत सरकवायची.

"आणखी एक आहे," ती म्हणाली. "आज सकाळी नवीन मंजूर झालंय. नुसता अंगठा टेकवायचा होता. मी टेकवणार होते. मघाशी काकांनी एवढं कौतुक केलं तेव्हा कळलं, की आज टेकवला तर मग जन्मभर टेकवतच राहावं लागणार."

तिनं मोबाईल काढला, सगळ्यांच्या देखत ते ॲप काढून टाकलं आणि मोबाईल पर्समध्ये ठेवला. इतकं साधं काम होतं. तिला भूक लागली. कित्येक आठवड्यांत अशी भूक लागली नव्हती.

पाच वाजले तसा दलाल शटरखालून वाकून आत आला, हसतमुख, कडक इस्त्रीचा. एवढी माणसं जमलेली पाहून तो खूश झाला. एवढी माणसं म्हणजे पैसे नक्की, असा त्याचा अनुभव असावा.

काकांनी त्याला स्टूल दिलं. सवयीनं त्यांची छाती पुढे आली. तोंडात वाक्य तयार होतं, पुढच्या आठवड्यात या, एक रक्कम यायची आहे. असली वाक्यं त्यांनी आयुष्यात इतक्या वेळा वापरली होती की ती आपली आपण बाहेर पडायची. पण खोक्यांवर सगळे बसले होते, आणि त्यांच्यातल्या प्रत्येकाला आता ठाऊक होतं. खोटं बोलायला निदान एक तरी अनभिज्ञ माणूस लागतो, तसा घरचा एकही उरला नव्हता. पुतणीकडे त्यांची नजर गेली. ती त्यांना काही सुचवत नव्हती, नुसती बघत होती.

"आमच्याकडे पैसे नाहीत," काका म्हणाले.

दलाल हसला. साहेब, कळलं, म्हणाला. मालकाशी बोलतो, शेकडा पाच कमी करून घेतो. काका म्हणाले, पाचाचा प्रश्न नाही, पैसेच नाहीत. दलालानं मान डोलावली, जुन्या मुरलेल्या गिऱ्हाइकाला दाद द्यावी तशी. बरं, शेकडा आठ. काका म्हणाले, अहो, स्कूटरचे हप्ते थकलेत माझे. दलालानं रुमालानं कपाळ पुसलं आणि बाबांकडे वळला, की तुमचे बंधू फारच ताणतात. बाबा म्हणाले, ते खरं सांगतायत. दलाल डॉक्टरकडे वळला. ती म्हणाली, माझ्यावर तर त्यांच्यापेक्षा जास्त आहे. काकूंनी गहाण बांगडीचं सांगितलं. दादानं व्हॅनचं सांगितलं. एवढी तयारीनं आलेली मंडळी त्या माणसानं जन्मात पाहिली नसतील. तो बाहेर जाऊन मालकाशी फोनवर बोलला, आत आला, आणि शेकडा बारा म्हणाला. त्याखाली मालक मला जिवंत सोडणार नाही, असंही म्हणाला.

मग डॉक्टर त्याच्याशी बोलली, बसून, सगळ्यात वाईट ते पहिल्या वाक्यात. हे घासाघीस करत नाहीयेत, आम्ही जागा घेणार नाही, कितीलाही नाही. तुमचं दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणालात ना, त्याला द्या. फक्त ते येईपर्यंत भाडं आहे तसं चालू राहील एवढं मालकांना सांगा.

दलालाचा चेहरा तेव्हा कुठे उतरला. दुसरं गिऱ्हाईक, तो म्हणाला, म्हणजे, तसं बोलणं चालू आहे. ते ऐकून दादानं तोंड फिरवलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. दुसरं गिऱ्हाईक बिऱ्हाईक कुणी नव्हतं. भाडं तूर्त चालू राहील, असं सांगून तो वाकून बाहेर पडला, आणि काका शटरकडून सगळ्यांकडे वळले.

"आयुष्यभर आहेत म्हणून सांगितलं," ते म्हणाले, "तर सगळ्यांनी लगेच मानलं. आज नाहीत म्हणतोय, तर बारा टक्के खाली आला तरी मानेना."

सगळ्यांत आधी आई हसली. मग हसणं थांबेना.

आत्या हसली नव्हती. इतका वेळ ती पंख्याखाली बसून होती आणि तिला कुणी काही विचारलं नव्हतं, कारण चिमूटभराचं काय विचारायचं. आता तिनं डॉक्टरला सगळ्यात महागड्या कर्जाचं व्याज परत सांगायला लावलं. ऐकून तिनं च्यक् केलं.

"ते सगळं एकदम फेडून टाक. पैसे मी देते. मला त्याच्या चौथाई व्याजानं परत कर."

काकूंना वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. वन्सं, तुमच्याकडे कुठून, असं त्या म्हणाल्या, आणि म्हटल्यावर त्यांनाच ओशाळं वाटलं. आत्यानं शांतपणे सांगितलं. दुप्पट पाळ्या केल्या, तीस वर्षं. दोन खोल्या पुरतात. चपला झिजल्या की बदलते. साठवलं. मला कधी कुणी विचारलंच नाही. तुमच्या चादरी मात्र उत्तम असतात, वृद्धाश्रमात फार उपयोगी पडतात.

काकांची नजर क्षणभर भिंतींवरून फिरली. आत्यानं ती पकडली.

"दुकानासाठी नाही देणार, भाऊ. भिंती परतफेड करत नाहीत."

डॉक्टरनं लगेच हो म्हटलं नाही. ती म्हणाली की व्याज खरोखर घ्यायचं, पुढे मायेनं सोडून द्यायचं नाही, सोडणार असशील तर मला नको. आत्या म्हणाली, सोडायला मी काय वेडी आहे? दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, तुझी ड्यूटी संपल्यावर, इथे, सगळ्यांसमोर द्यायचे. पाकिटात घालून, कोपऱ्यात बोलावून नाही. डॉक्टरनं हात पुढे केला आणि आत्यानं तो घट्ट धरला, नाडी बघतात तसा मनगटाशी.

आईनं डोळे पुसले. दादा शटर वर करायला उठला, कारण बाहेर एक बाई फोटो घेऊन उभी होती. काकांनी त्याला थांबवलं. जरा थांब म्हणाले, आणि स्वतःच्या खुर्चीवरून उठून गिऱ्हाइकाच्या स्टुलावर, बहिणीसमोर, येऊन बसले. सगळ्यांत थोरले ते. बहिणीच्या शाळेची फी त्यांनी भरली होती, आणि त्यानंतर तिला त्यांनी कधी चहाचेही पैसे देऊ दिले नव्हते.

"छोटे," ते म्हणाले, "मलाही हवेत. स्कूटरचे आणि बांगडीचे."

आत्यानं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि दवाखान्यात पेशंटला विचारायची त्या आवाजात विचारलं, दुकानाचं महिन्याचं उत्पन्न किती.

काकांनी धाकट्या भावाकडे पाहिलं. मग आकडा सांगितला, पहिल्यांदा तोंडातल्या तोंडात, आणि ऐकू आलं नाही असं आत्या म्हणाल्यावर मोठ्यानं.